मुंगीच्या दारावर खोका

"ऐकलं का? समोरचे आज जाणार."

गोदाकाकू जिन्यात दूधवाल्याला सांगत होत्या. समोरच्यांचं सगळं काकूंना आधी कळतं.

"भाड्याचं घर ते. मालकांची लेक यायचीय राहायला. मालक म्हणालेत, घर साफ करून द्या. इतकं साफ, की आत मुंगीसुद्धा..."

तेवढ्यात काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. फुस्स्स. काकू धावल्या आत. पुढचं राहिलंच.

पण काकूंच्या दाराशी एक मुंगी होती. काकूंकडे साखर आणायला गेली होती. एकच दाणा मिळाला होता. तिने सगळं ऐकलं.

मुंगीसुद्धा काय? मुंगीसुद्धा काय, बाई?

मुंगी घाबरली. दाणा घेतला डोक्यावर. निघाली घरी. तुरु तुरु, तुरु तुरु.

मुंगीचं घर कुठे? समोरच्यांच्या स्वयंपाकघरात. भिंत आणि फरशी भेटतात ना, तिथे एक बारीक भोक. ते तिचं दार. आत तिची पिल्लं.

मुंगी आली. बघते तर काय, दारच नाही. दारावर बसलाय खोका. हा एवढा मोठा. धप्प.

मुंगी म्हणाली,
"खोकेदादा, खोकेदादा, हल की.
तू हलशील, तर मी घरी जाईन.
पाय फार दुखतात रे."

खोका म्हणाला,
"मी दमलो बाई. सकाळपासून माझ्यात भांडी कोंबतायत. दोरी बांधेल, तर मी हलेन."

मुंगी गेली दोरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
ही कपडे वाळत घालायची दोरी. आज गॅलरीतून सोडलेली. नुसतीच वेटोळं करून पडलेली.

"दोरीताई, दोरीताई, खोका बांध.
तू बांधशील, तर खोका हलेल.
खोका हलेल, तर मी घरी जाईन.
पाय फार दुखतात गं."

दोरी म्हणाली,
"मी दमले बाई. रोज ओले कपडे धरून धरून खांदे गेले माझे. आणि खोका अजून भरलाय कुठे? तवा आत बसेल, तर मी बांधेन."

मुंगी गेली तव्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
वाटेत बाबा होते. बाबा भिंतीतले खिळे काढत होते. खिळा काढला, भोक दिसलं. भोकावर पुट्टी लावली. पचक. दुसरा खिळा, दुसरं भोक, पचक.
अगं बाई, भोकं बुजवतायत. मुंगी पळालीच.

"तवेदादा, तवेदादा, खोक्यात बस.
तू बसशील, तर दोरी बांधेल.
दोरी बांधेल, तर खोका हलेल.
खोका हलेल, तर मी घरी जाईन.
पाय फार दुखतात रे."

तवा म्हणाला,
"मी दमलो बाई. वाटेसाठी वीस पोळ्या भाजल्या माझ्यावर. तोंड बघ कसं काळं झालंय. असा गेलो, तर पातेली हसतील मला. आई घासेल, तर मी बसेन."

मुंगी गेली आईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
आई फरशीवर बसली होती. भिंतीला टेकून. डोळे मिटून.

"मनूची आई, मनूची आई, तवा घास.
तू घासशील, तर तवा बसेल.
तवा बसेल, तर दोरी बांधेल.
दोरी बांधेल, तर खोका हलेल.
खोका हलेल, तर मी घरी जाईन.
पाय फार दुखतात गं."

आई म्हणाली,
"मी दमले बाई. कंबरेचा काटा ढिला झाला. आणि ही मनू बघ, मांडी सोडत नाही. मनू झोपेल, तर मी घासेन."

मुंगी गेली मनूकडे. लांब नव्हतं, मांडीवरच होती मनू. तरी मुंगीला चढ लागला. तुरु... तुरु...
मनू वाटी वाजवत होती. टिंग टिंग, टिंग टिंग. डोळ्यात झोप, ओठात रडू.

"मनूबाळ, मनूबाळ, झोप की.
तू झोपशील, तर आई घासेल.
आई घासेल, तर तवा बसेल.
तवा बसेल, तर दोरी बांधेल.
दोरी बांधेल, तर खोका हलेल.
खोका हलेल, तर मी घरी जाईन.
पाय फार दुखतात गं."

मनू म्हणाली,
"नाय झोपायचं. वाटी काकूंची. ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या घरी. वाटी जाईल, तर मी झोपेन."

मुंगी गेली वाटीकडे. काठावर चढली. तुरु... तुरु...

"वाटीबाई, वाटीबाई, काकूंकडे जा.
तू जाशील, तर मनू झोपेल.
मनू झोपेल, तर आई घासेल.
आई घासेल, तर तवा बसेल.
तवा बसेल, तर दोरी बांधेल.
दोरी बांधेल, तर खोका हलेल.
खोका हलेल, तर मी घरी जाईन.
पाय फार दुखतात गं."

वाटी म्हणाली,
"जायचं तर आहेच गं. पण मी आले तेव्हा चटणीने भरलेली होते. आता रिकामी कशी जाऊ? शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. इथे तर सगळे डबे बांधलेले. चिमूटभर साखरसुद्धा बाहेर नाही. माझ्यात काही पडेल, तर मी जाईन."

मुंगीने वर बघितलं. डोक्यावर साखरेचा दाणा. एकच दाणा.
दाणा दिला, तर पिल्लं काय खातील?
दाणा ठेवला, तर पिल्लांपाशी जायचं कसं?
मुंगीने मान वाकवली. दाणा सोडला. टिंग.

मनू वाकली. "आई, शाखल."
आईने डोळे उघडले. "खरंच की गं. एकच दाणा. पण रिकामी नाही हो आता."
आई हसली. सकाळपासून पहिल्यांदा.
"अहो, पुट्टी ठेवा खाली. ही वाटी काकूंना देऊन या."

आणि मग,
वाटी गेली काकूंकडे, टिंग टिंग.
मनू झोपली, घुर्र घुर्र.
आईने तवा घासला, खसा खसा.
तवा खोक्यात बसला, ठण्ण.
दोरीने खोका बांधला, करकच्च.
बाबांनी खोका ओढला. खोका हलला, सर्रर्र.
आणि मुंगीचं दार? उघडं.

मुंगी धावली. पण बाबा वाकले. "अरेच्चा, हे एक भोक राहिलंच की." पुट्टीचा हात पुढे आला. जवळ आला.

"थांबा हो," आई म्हणाली. "ते बुजवू नका. त्या मुंगीचं घर आहे ते. आपल्याला दुसरं घर मिळालंय. ती बिचारी कुठे जाईल?"

बाबांनी हात मागे घेतला. मुंगी आत गेली. सुर्र.

पिल्लं म्हणाली, "आई, काय आणलंस?"
"काही नाही रे," मुंगी म्हणाली. "नुसते दुखरे पाय."

इतक्यात दारात आवाज आला.
"काय गं, मनूची आई? साखरेचा एक दाणा? फार खर्च केलास हो माझ्यासाठी."
गोदाकाकूच त्या. हातात तीच वाटी. वाटीत दही, दह्यावर साखर.
"निघताना तोंड गोड करा. हात पुढे करा बघू."

आईच्या हातावर दहीसाखर. बाबांच्या हातावर दहीसाखर. मनू उठली होती. तिला दही आवडत नाही. तिच्या हातावर नुसती साखर. मूठ इवलीशी. अर्धी साखर तोंडात, अर्धी फरशीवर. भुरभुर, भुरभुर. बरोबर मुंगीच्या दारापाशी.

"अगं बाई, आत्ता फरशी पुसली होती," आई म्हणाली.
"असू दे," काकू म्हणाल्या. "आता मी कुणाच्या घरात डोकावू, ते सांग आधी."
आई काकूंचा हात धरून उभी राहिली.

टेम्पो आला. खोका गेला. आई गेली, बाबा गेले, मनू गेली. टाटा, टाटा.

इकडे मुंगी आणि तिची पिल्लं बाहेर आली. एक दाणा तू, एक दाणा मी. तुरु तुरु आत, तुरु तुरु बाहेर. फरशी झाली लख्ख.

मग मालक आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.
"वा. आत मुंगीसुद्धा नाही."
काकू दारातून म्हणाल्या, "मग? मी सकाळीच सांगितलं होतं."

काकूंचं अर्धं खरं. समोरचे गेले, घर साफ झालं.
पण मुंगी? मुंगी आत होती. पिल्लं साखर खात होती, कुडुम कुडुम. आणि ती पाय पसरून झोपली होती.

मुंगीचं दार उघडं,
गोष्टीचं दार बंद.