पाया पडण्याची गोष्ट

शरयूताईंच्या घराची पायाभरणी होती. त्यासाठी त्यांनी सोळा सोमवार केले होते. हळदकुंकवाचं ताट घेऊन त्या खड्ड्यापाशी आल्या आणि थबकल्या. खड्डा जेमतेम चार फूट, तळाला अजून काळी मातीच. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. शेजारच्यांच्या भिंती तिच्यामुळेच तडकल्या होत्या.

"खंदारेसाहेब, मुरूम लागेपर्यंत खणू या. मग काँक्रीट ओता."

ठेकेदार खंदारे मजुरांकडे बघून हसले. "वहिनी, वीस वर्षं हेच करतोय. पाया आम्ही बघतो. तुम्ही आपलं देवाच्या पाया पडा."

मजूरही हसले. ताईंनी ताट खाली ठेवलं.

"रोजच पडते, साहेब. मी पाया पडले की देव हात धरून उठवतो. तुमचा पाया पडला, तर त्याला कोण उठवणार?"

आता मजूर खंदाऱ्यांकडे बघून हसत होते. खंदाऱ्यांनी खाली उतरून पहार टेकवली. ती लोण्यात जावी तशी रुतली.

"खणा रे अजून," ते हळूच म्हणाले. "पण वहिनी, मुहूर्त टळेल."

"टळू दे की. देवाला कुठं घाई आहे?" म्हणत ताई कडेला सावलीत बसल्या.