चिंचेपाशी अडलेली घोडी

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी जनावरं बोलायची, आणि मुख्य म्हणजे खरं बोलायची. त्यामुळे माणसं त्यांना प्रश्न विचारताना जरा जपून असत.

तेव्हा एका राज्यात एक राजा होता. मनाने मोठा, आणि देहानेही मोठा. त्याची एक लाडकी घोडी होती, तिचं नाव हरणी. राजा आणि हरणी लहानपणापासून एकत्र वाढले. फरक इतकाच, की हरणी वेळेवर वाढायची थांबली.

त्या राज्याची एक रीत होती. दर दसऱ्याला राजाने घोड्यावर बसून शिवेच्या दगडापर्यंत जायचं, तिथे शेजारच्या राजाला आपट्याची पानं द्यायची आणि परत यायचं. पालखी चालत नसे. पायीही चालत नसे, कारण राजा पायी आला म्हणजे शरण आला असं धरत.

राजा तरुण होता तेव्हा हरणी त्याला घेऊन वाऱ्यासारखी जायची. पुढे तिचं धावणं गेलं आणि चालणं आलं. मग एका दसऱ्याला ती गावाच्या वेशीतच उभी राहिली.

राजाने लगाम हलवला. हरणीने मान वळवून विचारलं, "महाराज, आज मागे आणखी कोणी बसलंय का?"

सगळी मिरवणूक ऐकत होती. कोणी हसलं नाही, आणि तेच राजाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून राजाने लाडू सोडले. भातावरची तुपाची धार सोडली. दुपारची झोप सोडून तो वाड्याभोवती फेऱ्या घालू लागला. आणि खरंच, पुढच्या दसऱ्याला हरणी वेस ओलांडून गेली, तळं मागे टाकलं आणि माळावरच्या मोठ्या चिंचेपर्यंत पोचली. तिथून शिवेचा दगड नुसत्या डोळ्यांना दिसत होता. गावभर आनंद झाला. आनंद झाला म्हणून जेवणावळ झाली.

त्यानंतरच्या दसऱ्याला हरणी पुन्हा चिंचेपाशीच थांबली.

राजाने भात सोडला. हरणी चिंचेपाशी. राजाने साखर सोडली, सकाळी उठून कारल्याचा रस प्यायला लागला. हरणी चिंचेपाशी. एका वर्षी त्याने मुकुट, तलवार आणि सगळे दागिने घरी ठेवले. तेव्हा हरणी चिंचेच्या पुढे एक पाऊल गेली, जरा विचारात पडली, आणि ते पाऊल मागे घेतलं.

अशी बरीच वर्षं गेली. राजवैद्य म्हणाले, हाडांत वारा भरलाय. ज्योतिषी म्हणाले, झाडावर काहीतरी आहे. प्रधान व्यवहारी माणूस. तो म्हणाला, झाडच तोडू, म्हणजे कुठे थांबायचं ते घोडीला कळणार नाही.

"मला झाड कळत नाही," हरणी म्हणाली. "मला माझे गुडघे कळतात."

झाड वाचलं. पण प्रधानाला राजाच्या अब्रूची काळजी होती. एके दुपारी, सगळे वामकुक्षीत असताना, त्याने शिवेचा दगड उपटून गाडीत घातला आणि आणून चिंचेखाली रोवला. आता राजा दर दसऱ्याला शिवेपर्यंत बिनचूक पोचू लागला. प्रश्नच मिटला.

पण चिंच आणि दगडाची जुनी जागा यांच्यामध्ये एक वाडी होती, ती मात्र लटकली. तिथल्या लोकांना स्वतःच्या विहिरीचं पाणी भरायला शेजारच्या राजाच्या पहारेकऱ्याला विचारावं लागे. भांडण झालं तर ते कुठे न्यायचं हेही कळेना, म्हणून त्यांची भांडणं वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली होती, आणि त्यांत दररोज थोडी भर पडत होती.

शेजारचा राजा फार गोड माणूस. त्याने कधी आवाज चढवला नाही की तलवार काढली नाही. प्रत्येक सणाला तो आपल्या राजाकडे पेढ्यांच्या पाट्या पाठवायचा. एका वर्षी पाट्यांबरोबर निरोपही आला. येत्या दसऱ्यालाही दगड चिंचेखालीच असेल तर वाडी कायमची आमची समजू, पेढे मात्र ताजे आहेत तेव्हा आजच संपवावेत.

निरोप ऐकून राजाला घास गोड लागेना. तरी पेढा त्याने खाल्ला, कारण दूत समोर उभा होता.

त्याच वर्षी राजाचं लग्न झालं. राणी त्याच वाडीची, तिथल्या पाटलांची मुलगी. दसरा असाच गेला तर दिवाळीला माहेरी जायला तिला परक्या राजाची परवानगी लागणार होती. पण ती याबद्दल काही बोलली नाही. ती बोलायचीच कमी. नवी असल्यामुळे वाड्यात तिला कोणी काही सांगत नसे, त्यामुळे तिला सगळं दिसायचं.

जेवायच्या वेळी ती खांबाशी उभी राहून बघे. राजाच्या ताटात एक भाकरी, एक वाटी आमटी आणि पालेभाजी. राजा ते डोळे मिटून, निग्रहाने संपवी. संपलं की पंगतीला सुरुवात होई.

प्रधान पुढे सरकून आपल्या गळ्याची शपथ घाली आणि राजाच्या ताटात एक जिलबी ठेवी. एकीला जोड हवी म्हणून दुसरी. राजाच्या आत्यासाहेब होत्या, आईमागे त्यांनीच त्याला वाढवलेलं. त्या पुरणपोळीचा घास करून थेट तोंडाशी नेत आणि म्हणत, माझ्या हातचा एवढा एक. हा एक घास कधी एका पोळीत संपत नसे. मग आचारी येई. त्याला फक्त चव बघून हवी असे, पण चव तो वाटीभर आणत असे.

आणि त्या राज्यात आग्रहाला 'नको' म्हणणं म्हणजे समोरच्याच्या थोबाडीत मारण्यासारखं होतं. हा शब्द पंगतीत कोणी उच्चारलेला कोणाच्या आठवणीत नव्हता.

एकदा जेवण उरकल्यावर राजा सज्जात उदास बसला होता. राणीने विडा दिला आणि हळूच विचारलं, "आज आपण काय जेवलात?"

"नेहमीचंच. एक भाकरी, आमटी, पालेभाजी. याहून कमी माणसाने काय खावं?"

"आणि जिलब्या?"

"त्या प्रधानांच्या होत्या."

"पुरणपोळ्या?"

"त्या आत्यासाहेबांच्या. मला कुठे हव्या होत्या? आग्रहाचं आपल्याकडे धरत नाहीत, राणीसाहेब. ते ज्याच्या मनात, त्याच्या नावावर."

राणीने विड्याचं तबक बाजूला सारलं. मग म्हणाली, "पण हरणीला कसं कळणार, कुठली पोळी कोणाच्या नावावर आहे ते?"

राजाने आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला तिथे प्रधान, आत्यासाहेब, आचारी आणि शेजारचा राजा असे सगळे एकत्र बसलेले दिसले. हरणी वेशीत खोटं बोलली नव्हती.

"पण मी त्यांना नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. "आत्यासाहेब वर्षभर बोलायच्या नाहीत."

"आपण काहीच म्हणू नका," राणी म्हणाली. "नवी सून आहे. थोडा आग्रह मलाही करू द्या."

दुसऱ्या दिवशी प्रधानाने शपथ घालून राजाला जिलबी वाढली. राजाने ती खाल्ली. लगेच राणी परात घेऊन प्रधानासमोर आली आणि महाराजांच्या गळ्याची शपथ घालून तिने त्याला एक जिलबी वाढली. प्रधान खूश झाला. राजाला जोडीची दुसरी मिळाली, तशी प्रधानालाही मिळाली. राजाच्या ताटात जे जे पडलं, ते ते वाढणाऱ्याच्या ताटात पडलं, आणि वर राणीचं एक असं, आपुलकीचं.

काही दिवसांनी प्रधान सकाळची न्याहारी टाळून येऊ लागला. मग त्याच्या अंगरख्याचे बंद पुरेनात. मग तो आग्रह नुसत्या डोळ्यांनी करू लागला, आणि राणीची परात दिसली की डोळेही खाली घाली. आचाऱ्याने पुन्हा स्वतःच चव बघायला सुरुवात केली. खरं तर ते त्याचंच काम होतं.

आत्यासाहेब मात्र चिवट. त्यांनी राणीच्या हातच्या तीन पोळ्या कौतुकाने खाल्ल्या, चौथी हट्टाने खाल्ली. पाचवी समोर आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुला माया आवरता येत नाही का गं?"

राणीने मान खाली घातली. "तुमच्याकडूनच शिकतेय, आत्यासाहेब."

आत्यासाहेब भोळ्या होत्या, पण मंद नव्हत्या. त्यांनी एकदा राजाकडे पाहिलं, एकदा हातातल्या घासाकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या राजाच्या पाटाशेजारी पंखा घेऊन बसू लागल्या. माया तेवढीच राहिली, फक्त आता तिचा वारा यायला लागला.

शेजारून पेढे येतच होते. ते राणी परस्पर हत्तीखान्यात पाठवी. हत्तीची काही तक्रार नव्हती.

दसरा आला. राजाने मुद्दाम मुकुट घातला, तलवार लावली. शिवेचा दगड आदल्या दिवशीच चिंचेखालून उपटून मागच्या बैलगाडीत ठेवला होता. हरणी वेशीतून निघाली, तळं मागे पडलं, आणि सवयीने ती चिंचेखाली थांबली. तिने एकेक पाय झटकून पाहिला, मग मान वळवली.

"महाराज, आहात ना वर?"

"आहे."

"बरं," हरणी म्हणाली आणि चालू लागली.

मागे थोडी गडबड झाली. प्रधानाचा घोडा चिंचेपाशी थांबला होता आणि काही केल्या हलेना. प्रधानाला उतरून बैलगाडीत, दगडाशेजारी बसावं लागलं.

वाडीतली माणसं भांडणं बाजूला ठेवून रस्त्याच्या कडेला उभी होती. दगड निघाल्याची खबर लागून शेजारचा राजा दगडाच्या जुन्या जागी येऊन वाट बघत होता. त्याच्या हातात पेढ्यांचं तबक होतं. आपल्या राजाने आपट्याची पानं पुढे केली. शेजाऱ्याने ती घेतली, कपाळाला लावली, आणि एक चांगला लिंबाएवढा पेढा उचलून राजाच्या ओठांशी आणला.

"एवढा एकच. आमच्या गळ्याची शपथ आहे."

तिथे राणी नव्हती, परात नव्हती. मागे प्रधान आणि आत्यासाहेब होत्या, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. राजाला खाली हरणीच्या पाठीचा कणा जाणवत होता. पेढ्याचा वास फार चांगला होता.

राजाने हात जोडले.

"तुमची माया पोचली," तो म्हणाला. "पेढा नको."

शब्द छोटाच होता. तो ऐकून आभाळ कोसळलं नाही की कोणाला थोबाडीत बसली नाही. हरणीने फक्त एक कान मागे वळवून घेतला, बरोबर ऐकलं ना म्हणून. आत्यासाहेबांनी पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला सांगितलं, की ऊन फार आहे.

दगड जुन्या जागी रोवला गेला. दिवाळीला राणी माहेरी गेली, कोणाला न विचारता. शेजारच्या राजाच्या हातात तो पेढा तसाच राहिला. उचललेला पेढा तबकात परत ठेवायची त्यांच्याकडे रीत नव्हती, म्हणून त्याला तो स्वतःच खावा लागला, आणि भरलेलं तबक घरी परत न्यायचीही रीत नव्हती म्हणून बाकीचेही. परतताना त्याचा घोडा एका बाभळीपाशी बराच वेळ उभा होता म्हणतात.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवावं, की पाऊल पुढे पडेनासं झालं तर आपण काय काय सोडलं हे मोजत बसू नये, कशाला नाही म्हणायचं राहिलं ते बघावं. कारण घास कोणाच्याही आग्रहाचा असो, तो आपल्याच अंगी लागतो.