बिननोंदीचा माणूस

तांबेरी नगरपालिकेने पाण्याचे व्हॉल्व्ह कॉम्प्युटरला जोडले. आता घरबसल्या लॉगिन करावं, बटण दाबावं, की वॉर्डात पाणी सुरू. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या सुलभा टिळेकर मोठ्या खमक्या. कोण शिरलं, कुठून, काय करून गेलं, सगळ्याची नोंद आपोआप होई.

नगराध्यक्ष धैर्यशीलरावांना ते झोंबलं. "मॅडम, गावच्या पहिल्या नागरिकावर पाळत? माझी तेवढी नोंद बंद करा, नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

"करते साहेब. फक्त यावर सही द्या," म्हणत सुलभाताईंनी कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती: 'ज्या कामाची नोंद सापडणार नाही, ते माझं समजावं.'

"हे काय?"

"बाकी सगळ्यांची नोंद होणार, म्हणजे बिननोंदीचे तुम्ही एकटेच उरता. कुठे पाणी बंद झालं आणि नाव सापडलं नाही, की लोकांना सरळ तुमच्या बंगल्यावर पाठवते."

खाली फाटकाशी तीन नंबर वॉर्डातल्या बायका रिकामे हंडे बडवत होत्या. धैर्यशीलरावांनी खिडकीतून पाहिलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

"माझं नाव राहू द्या," ते म्हणाले. "आणि मी कॉम्प्युटरमधून बाहेर किती वाजता पडलो, तेही लिहीत जा. नंतरचं माझ्या माथी नको."