मागघरातली शेवटची फट

“आता सांगा बाबा, हाय का एक तरी फट शिल्लक?”

असं छाती काढून विचारणारा होता येसबा सणगर. बोरमाळ नावाच्या गावात तो राहत होता, त्याची बायको गिरजा राहत होती, आणि गावाबाहेरच्या लिंबाखाली फुलशाबाबा नावाचा म्हातारा फकीर राहत होता. तिघांचीच ही गोष्ट. चौथं कुणी म्हणाल, तर ते अजून गिरजाच्या पोटात होतं. सातवा महिना होता, आणि नऊ वर्षं वाट बघायला लावून आलेलं होतं ते.

येसबानं विणलेल्या घोंगडीचं नाव पाच गावांत होतं. तिच्यात घागरभर पाणी ओता, खाली थेंब गळायचा नाही. हे सांगायचा मात्र तोच.

पण त्याचं मागघर, विणायचा माग मांडलेली खोली… दगडावर दगड ठेवलेला, वर पत्रा. पुसाच्या महिन्यात वारा एका भिंतीतून शिरायचा न् दुसऱ्या भिंतीतून निघून जायचा, जसं काही मधे घरच नाही. गिरजा चरख्यावर लोकर कातायला बसली की तिची बोटं निळी पडायची, सूत तुटायचं. येसबाला ते बघवेना.

आठ दिवस खपला. भेगांत जुनी लोकर ठासली. वरून चिंचोक्याची खळ लिंपली. घोंगडी कडक व्हायला ताण्याला, मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावतात ना, तीच खळ. दाराला आतून दुहेरी घोंगडी टांगली. खिडकीत गोणपाट कोंबलं.

मग बाबांना बोलावलं, शाबासकी घ्यायला.

बाबा ऊददाणी घेऊन चारी भिंतींपाशी फिरले. कुठंच धूर हलला नाही. सरळ वर गेला, पत्र्याला टेकला, तिथंच उभा राहिला.

“ह्यानं बाहेर कुठनं जायचं?”

“कुठनंच न्हाई!”

“आणि शेगडी?”

“मागाच्या खड्ड्यात. पाय सोडून बसतो तिथंच, पायापाशी. निखारे रसरशीत केल्यात. बघा, कसं घर तापतंय.”

बाबांनी खिडकीकडं बोट केलं.

“ते गोणपाट काढ. शेगडी बाहेर ने. निखारा पण श्वास घेतो, बेटा. तुमच्यातलाच घेतो.”

“बाबा, तुमच्या घोंगडीला सतरा भोकं. तुम्हाला भोकंच आवडायची!”

गिरजा पदर तोंडाला लावून हसली. बाबासुद्धा हसले.

“बसा की आत. ऊब घ्या.”

“नको. मी भिंतीला टेकून बाहेर बसतो. तुझा माग ऐकतो.”

बाबा बाहेर जाऊन बसले. येसबानं दार ओढलं, घोंगडी सारखी केली आणि मागावर बसला.

ठक… ठक…

पायांना ऊब लागली. मग गुडघ्यांना. कपाळ जरा ठणकलं, पण एवढ्या सुखात कपाळाकडं कोण बघतंय? गिरजाचा चरखा भुंग्यासारखा गुणगुणत होता.

ठक…

मागावरची काळी लोकर हलली. मेंढरं झाली ती. एकेक मेंढरू ताण्यातून उतरलं न् माळाला लागलं. माळ उबदार होता, दुधासारखा. पुढं गिरजा चालली होती, कडेवर पोर. येसबानं हाक मारली, पण हाक लोकरीची झाली, तोंडातच राहिली. बसावं वाटलं… निजावं वाटलं… मेंढरांच्या मधोमध, मऊ मऊ…

चरखा कधीचा थांबला होता.

एकदम विळ्यासारखी थंडी अंगावर आली.

दार सताड उघडं होतं. गिरजाला बाबांनी अंगणात नेऊन टेकवलं होतं, आणि आता येसबाच्या काखेत हात घालून तो म्हातारा त्याला ओढत होता. बाबांच्या अंगावरची घोंगडी मागेच कुठं तरी पडलेली.

येसबाचं डोकं घण घातल्यासारखं झालं होतं. गिरजा ओकत होती. ओकून झाल्यावर तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

“हलत न्हाई, वो…”

येसबानं आकाशाकडं बघितलं, मग मातीकडं. बाबांनी तिला पाठीला धरून बसतं केलं. वारा नुसता वाहत होता. येसबाला वाटलं, ह्या वाऱ्याला मी आठ दिवस शिव्या घातल्या. आता हाच तिच्या नाकात जाऊ दे… भरपूर जाऊ दे…

बराच वेळ गेला.

“हललं,” गिरजा म्हणाली. मग रडायला लागली.

येसबानं बाबांचे पाय धरले. “तुम्हाला कळलं कसं?”

“तुझा माग गप झाला.”

“मी तर ऊब कोंडली होती, बाबा…”

“तिच्या जोडीला आणखी कुणाकुणाला कोंडलंस?”

येसबा उठला. खिडकीतलं गोणपाट स्वतःच्या हातानं उपसलं. समोरच्या भिंतीतली लोकर वरून हातभर काढली. शेगडी बाहेर नेऊन उपडी केली.

त्या दिवसापासून अंगणात चूल पेटायची. तिच्यावर विटा शेकायच्या. हाताला सोसतील एवढ्या झाल्या की गोणपाटात गुंडाळून दोन खड्ड्यात, दोन गिरजाच्या पायांखाली. निवल्या की बदलायच्या. पाठीवर घोंगडी. घर गारच राहायचं, माणसं मात्र उबेत असायची. वारा यायचा, इकडचं तिकडचं बघायचा, जायचा. ठक… ठक… बाहेर लिंबापर्यंत ऐकू यायचं.

फाल्गुनात गिरजा बाळंत झाली. मुलगी झाली. नऊ वर्षांचं मुकं घर, पण पोर अशी रडली की अख्ख्या आळीनं ऐकलं. त्या घरावर जशी देवाची मेहेरनजर झाली, तशी ती ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यावरही होवो.

येसबानं कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर आणली, हातभर रुंदीची घोंगडी विणली. बाराव्या दिवशी ती बाबांच्या हातात दिली. पाण्याचं काही बोलला नाही. नुसता तोंडाकडं बघत उभा राहिला.

बाबांनी ती घोंगडी ताणून पाळण्यावर धरली. ओठ अगदी लोकरीला लावले. हळूच फुंकर घातली…

पलीकडं पोरीचं जावळ भुरभुरलं.

“हां,” बाबा म्हणाले. “आता हिला थंडी लागायची नाही, आणि श्वासही कोंडायचा नाही.”