भरल्या पोटाची शर्यत

फार जुनी गोष्ट. त्या राज्याचं नाव विसरलात तरी चालेल, तिथली शर्यत मात्र विसरू नका.

त्या राज्यात दर पौर्णिमेला भर दुपारी कुत्र्यांची शर्यत होई. लांब पायांचे, खपाटीला गेलेल्या पोटांचे आठ कुत्रे. त्यांच्यापुढे भुसा भरलेला ससा दोरीने ओढत नेत, आणि कुत्रे त्याच्यामागे जीव तोडून धावत. लोक टाळ्या पिटत. "काय हौस आहे बघा धावायची!" असं एकमेकांना सांगत.

शेवटी आलेल्या कुत्र्याला मैदानाच्या भिंतीमागे नेत. तेवढा वेळ नगारा वाजे. त्याला रानात मोकळं सोडतात, अशी लोकांची समजूत होती. मग नगारा कशाला, असं मात्र कधी कुणी विचारलं नाही.

सोनकीला ते ठाऊक होतं. ती राजाच्या श्वानशाळेत कुत्र्यांची देखभाल करी. भिंतीमागे रान नव्हतं, खोल विहीर होती. शर्यतीआधी दोन दिवस कुत्र्यांना अन्नाचा कण मिळत नसे, हेही तिला माहीत होतं. कारण त्यांची भांडी रिकामी ठेवण्याचं काम तिचंच होतं. त्याची तिला फार लाज वाटे.

एका पौर्णिमेच्या तोंडावर हरण्या नावाच्या कुत्र्याचा पाय सुजला. सोनकीने श्वानशाळेच्या कारभाऱ्याला विनवलं, "काका, या खेपेला याला वगळा. हा नक्की शेवटी येईल."

"कुणीतरी शेवटी येणारच की गं! आज हा, पुढच्या महिन्यात दुसरा. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

कारभारी बोलला ते खरंच होतं. एकट्या हरण्याला वाचवून भागणार नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी तिने चूल पेटवली. मटणाच्या रश्शात भाकऱ्या कुस्करल्या आणि आठ पराती भरल्या. "खा रे बाळांनो. आज कुणाचं ऐकू नका, पोटभर खा."

दुपारी मैदानाचं दार उघडलं. ससा सुटला. हरण्याने जांभई दिली. एकाने अंग झाडलं. दुसरा ऊन बघून आडवा झाला. सगळ्यांत तरणी कुत्री चार पावलं धावली, थांबली आणि कान खाजवत बसली.

"अरे, ससाच पहिला आला!" गर्दीत हशा पिकला.

राजा ताडकन उठला. "कुणाचे हे उद्योग?"

"माझे." सोनकी मैदानात उतरली. "मी यांना जेवू घातलं, महाराज. धावायची हौस यांना कधीच नव्हती. यांना भूक लागलेली असायची."



"मग आठही हरले!" राजा गरजला. "आठही भिंतीमागे न्या! नगारा वाजवा!"

"भिंतीमागे कशाला? भिंतीतलं दार सताड उघडा. विहिरीत ढकलायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ढकला. आणि नगारा नको. कुत्रा विहिरीत पडताना कसा ओरडतो, तेही ऐकू दे यांना. एवढ्या हौसेने येतात, तर पुरता खेळ बघून जाऊ द्या!"

"विहीर?" गर्दीतली एक बाई उठून उभी राहिली. "अगं, रानात सोडतात ना त्यांना?"

"नाही मावशी. आजवर एकही रानात गेला नाही."

राजाने नगारच्याला खूण केली. म्हाताऱ्या नगारच्याच्या हातात टिपऱ्या होत्या, पण हात हलेना.

"वाजव!"

"महाराज, वीस वर्षं जोरजोरात वाजवतोय. तरी मला ऐकू येतंच." त्याने टिपऱ्या जमिनीवर ठेवल्या. "आता मी नाही वाजवणार."

शिपाई कुत्र्यांकडे निघाले. त्या शांततेत त्यांच्या पायताणांचा आवाज साऱ्या मैदानाला ऐकू जात होता. त्यांचीच पावलं जड झाली. तेवढ्यात ती बाई कठडा ओलांडून खाली आली आणि हरण्यापुढे उभी राहिली.

"आधी मला ढकला," ती म्हणाली.

तिच्यामागून दहा जण आले. मग शंभर. मग अर्धं मैदान. एवढ्या माणसांना विहिरीत ढकलणं राजालाही शक्य नव्हतं. तो पाय आपटत निघून गेला.

सोनकीची चाकरी सुटली. जाताना ती आठही कुत्रे घेऊन गेली, आणि कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही. पुढच्या पौर्णिमेला राजाने परमुलखातून नवे कुत्रे आणवले, दवंडी पिटवली, फुकट मिठाई वाटायचंही कबूल केलं. बघायला एकही माणूस आला नाही. ती शर्यत त्या राज्यातली शेवटची ठरली.

बोध: ज्या मजेसाठी मुक्या जिवाची भूक आणि त्याचं मरण लपवावं लागतं, ती मजा बघायला जाणाराही त्या पापात सामील असतो.