गाण्याचा पुरावा

फार जुनी गोष्ट. डोंगरापलीकडच्या रानात ससाण्याचं राज्य आलं आणि त्यानं गाण्यावर बंदी घातली. तरीही गायलेला एक बुलबुल जीव मुठीत धरून डोंगराअलीकडे पळून आला.

इथल्या पक्ष्यांच्या सभेनं खूप हळहळ व्यक्त केली. अध्यक्ष बगळेमामा म्हणाले, "बाळा, आसरा देऊच. पण गाण्यापायीच तुझ्या जिवावर बेतलं, हे आधी सिद्ध कर. गाऊन दाखव."

"मामा, ससाणा माझ्या मागावर आहे. आवाज ऐकला की इथंच येईल."

"नियम म्हणजे नियम."

बुलबुलानं आभाळाकडे पाहिलं. मग तो गायला. सभा डोळे मिटून डोलू लागली. तान मध्येच तुटली.

"खराच आहे हा! द्या याला फांदी," म्हणत बगळेमामांनी डोळे उघडले, तेव्हा समोर दोन पिसं तेवढी तरंगत होती.