झिनूचा चाकातला पाळणा

एक होती कोळीण. आठ पायांची. तिळाएवढी. नाव तिचं झिनू.
रेवूच्या सायकलच्या चाकात तिचं जाळं. चाक फिरे, जाळं झुले, झिनू झोपे.

मग काय झालं? सायकल राहिली अंगणात. उन्हात. कितीतरी दिवस! हवा गेली. फुस्स! टायर बसला. चाक थांबलं.
झिनूची झोप हरवली.

"चाकदादा, चाकदादा, फिर ना!"
"टायर बसलाय गं. टायर फुगेल, तर मी फिरेन."

झिनू निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.
"टायरमामा, टायरमामा, फुग ना! टायर फुगेना, चाक फिरेना, झिनूला झोप येईना."
"उन्हात कसा फुगू? गाल बघ माझे. भेगाच भेगा! सावली येईल, तर मी फुगेन."

सावली होती पडवीत. झिनू गेली. तुरूतुरू, तुरूतुरू.
"सावलीमावशी, सावलीमावशी, ये ना! सावली येईना, टायर फुगेना, चाक फिरेना, झिनूला झोप येईना."
"मी नाही बाई उन्हात जात! रेवूची आई सायकल आत टांगेल, तर मी येईन."

तुरूतुरू, तुरूतुरू.
"रेवूची आई, रेवूची आई, सायकल टांग ना! आई टांगेना, सावली येईना, टायर फुगेना, चाक फिरेना, झिनूला झोप येईना."
"टांगू कुठे? हुकावर छत्रीबाई बसल्यात ना! छत्री उठेल, तर मी टांगेन."

तुरूतुरू, तुरूतुरू.
"छत्रीकाकू, छत्रीकाकू, ऊठ ना! छत्री उठेना, आई टांगेना, सावली येईना, टायर फुगेना, चाक फिरेना, झिनूला झोप येईना."
"कशी उठू? घडीत चिलट शिरलंय. गुईं गुईं! गुदगुल्या होतात. हीहीही! चिलट जाईल, तर मी उठेन."

चिलट? एवढंच ना!
झिनू शिरली घडीत. गट्टम!

छत्री उठली. कोपऱ्यात जाऊन बसली.
आईनं सायकल टांगली.
सावली आली. गार गार.
आईनं पंप घेतला. फूस, फूस, फूस! टायर फुगला.
गालावर जुन्या भेगा तशाच राहिल्या. पण नवी? एकही पडली नाही.

तुरूतुरू, तुरूतुरू. झिनू जाळ्यात परतली. पडवीत वारा आला. चाक फिरलं.
हळू... हळू...
जाळं झुललं. डुलू... डुलू...

"झिनू, आता बरं वाटतंय का गं?" चाकानं विचारलं.


श्श्श... झोपली ती.